आठ सूक्ष्मदर्शक

शहरातल्या मुख्य कॉलेजातून टेम्पोनं आलेला आठवा सूक्ष्मदर्शक कांचननं ओढणीनं पुसून टेबलावर ठेवला. तालुक्यातल्या पोरांचे तिथवरचे हेलपाटे वाचावेत म्हणून एसटी स्टँडमागे हे उपकेंद्र निघालं होतं. वर्षभरात कमान झाली, कोनशिला झाली, प्रयोगशाळेत मात्र नुसती टेबलं होती.

"सर, हे आता इथंच राहणार ना? मार्चमध्ये प्रॅक्टिकल आहे आणि आम्ही पेशी फक्त चित्रात पाहिलीय."

"छे! संध्याकाळी परत जाणार. उद्या समिती तिकडं येतेय," प्राचार्य म्हणाले. "आज अनुदान मंजूर झालं की तुम्हांला नवे कोरे आणू. तेव्हा समितीसमोर उपकेंद्राची अब्रू राख."

समितीच्या बाईंनी नेमकं कांचनलाच विचारलं, "हे वापरता का गं?"

"रोज, मॅडम!" प्राचार्यांकडे बघत ती म्हणाली. तेवढ्यानं भागेना म्हणून पुढं जोडलं, "पुरून उरतात."

बाई खूश झाल्या. त्यांनी अहवालात तिथल्या तिथं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "उपकेंद्र सुसज्ज. नवीन उपकरणांसाठी अनुदानाची गरज नाही."

सवयीनं पहिली टाळी प्राचार्यांनीच वाजवली.