सातवी केबल

सुगिउराच्या स्पीकरमधून कायम घूं असा बारीक आवाज यायचा. तो जावा म्हणून त्याने शेजाऱ्यांच्या विजेचा अडथळा नको म्हणून अंगणात फक्त स्वतःच्या घरासाठी वेगळा विजेचा खांब उभारून घेतला, चार वर्षांत सहा केबली बदलल्या. दर वेळी त्याचा मित्र कुवाबारा नागोयाहून यायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "पैसे पाण्यात, लेका. आहे तस्साच आहे." पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली किनुए, सुगिउराची बायको, खुदकन हसायची.

सातवी केबल आल्याचं कळल्यावर कुवाबारा पुन्हा आला. दारात बूट काढून थेट स्पीकरसमोर बसला. सुगिउराने तबकडीवर सुई ठेवली. पहिल्या सुराच्या आधी नुसती शांतता होती.

कुवाबाराने डोळे उघडले. "अरे, गेला की आवाज! हरलो बाबा. केबलने फरक पडतो. वहिनींना सांगू दे, आता हसा म्हणावं."

"केबल जुनीच आहे," सुगिउरा म्हणाला. नवीचं खोकं कपाटावर तसंच बंद पडलं होतं. "परवा माणसं येऊन किनुएचं ऑक्सिजनचं यंत्र परत घेऊन गेली."