नाहूरचा प्रिंटर

घरून काम करणाऱ्याने आपला संगणक ऑफिसच्या सर्व्हरला जोडला, की त्याच्या घरचा प्रिंटरही ऑफिसच्या यादीत दिसतो. तो काम संपवून उठला, की नाव जातं. शर्लिन हे सगळ्यांना न कंटाळता समजावून सांगायची. अंधेरीच्या त्या ऑफिसात प्रत्येकाची घरून कामाची सोय तिनेच लावून दिली होती.

तिला मात्र परवानगी नव्हती.

"सर, जेनिसला ताप आहे. पोर घरात एकटीच आहे. आजच्या दिवस तरी घरून करू द्या ना."

"तूच घरी बसलीस, तर सगळ्यांचे प्रिंटर कोण बघणार?" नितेश सर हसले.

ती जागेवर आली. यादीत 'बोरिवली-सुशांत' होतं, 'मुलुंड-प्रांजल' होतं. त्यांच्याखाली तिच्या डोळ्यांसमोर नवं नाव उमटलं: 'नाहूर-शर्लिन'.

तिच्या घरचा संगणक तिने कधी जोडलाच नव्हता.

चूक शोधायला तिने त्या नावावर एक टेस्ट पेज सोडलं. लगेच तिचा फोन वाजला.

"मम्मी, हॉलमधल्या प्रिंटरमधून तुझा कागद आला. आत आणून देऊ?"

"आत कुठे गं?"

"बेडरूममध्ये. सकाळपासून दार लावून काम करतेयस ना?"

"जेनिस, दार उघडू नकोस! आधी शेजारी जा!"



"काय गं मम्मी, फोनवर जा म्हणतेस आणि आतून ये म्हणतेस. मी कोणाचं ऐकू?"