एक्केचाळीस कुठं गेलं?

“एकोणचाळीस... चाळीस... बेचाळीस...”

गणिताचे सर पालथे पडले होते. तोंड उशीच्या भोकात, नजर फरशीवर आणि डोक्याची मागची बाजू गुळगुळीत भादरलेली. भूल दिली होती, त्यामुळे दुखत नव्हतं. डॉक्टरांनी मशीननं केसांची मुळं सोडवून दिली होती आणि ते चहाला गेले होते. आता तिथली ताई चिमट्यानं एकेक मूळ अलगद उपटून ओल्या कापडावर मांडत होती. मांडलं की मोठ्यानं आकडा म्हणायचा, असा तिथला नियम. मागून किती काढले आणि पुढे किती लावायचे, यात घोळ नको म्हणून.

“त्रेचाळीस... चव्वेचाळीस...”

सरांनी दात आवळले. इथं अवाक्षर काढायचं नाही, हे त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. तीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत एवढ्या लांब ते काही हौस म्हणून आले नव्हते. शाळेत रजेच्या अर्जावर ‘डोळ्याचं ऑपरेशन’ लिहिलं होतं. इथल्या फॉर्मवर नाव दुसरंच आणि धंदा ‘किराणा दुकान’ लिहिला होता. खरं काय ते एकट्या बायकोला माहीत. “अहो, पन्नाशी उलटली. आता कुणाला दाखवायचंय?” असं ती म्हणाली, तेव्हा सर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते.

कुणाला म्हणजे काय! पुढच्या महिन्यात ते मुख्याध्यापक होणार होते. रोज सकाळी सगळ्या शाळेसमोर उभं राहायचं आणि पोरांनी तर त्यांचं नाव ठेवलं होतं ‘धावपट्टी’. दोन वर्षं त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या. सकाळ-संध्याकाळ लोशन चोपडलं. गळायचे ते थांबले, पण गेलेले काही परत आले नाहीत. मग कुणीतरी टकलावर भुरभुरायची काळी पावडर सुचवली. ती लावून सर प्रार्थनेला उन्हात उभे राहिले आणि घामाबरोबर एक काळा ओघळ कपाळावरून निघून थेट नाकाच्या शेंड्यावर आला. चारशे पोरं खाली मान घालून हसली. मोठ्यानं हसायची त्यांची टाप नव्हती, सरांचा धाकच तसा होता. त्या दिवशी सर नळाखाली तोंड धुता धुता रडले. होय, रडले. एवढा पन्नाशीचा माणूस.

“सत्तेचाळीस... एकोणपन्नास...”

“एक्केचाळीस कुठं गेलं?” सर कडाडले. “आणि आता अठ्ठेचाळीसही गिळलंस? लक्ष कुठंय तुझं?”

झालं! जीभ चावली, पण आता काय उपयोग? तीस वर्षांची सवय. समोर कुणी आकडा चुकला की सरांच्या तोंडून हे निघायचंच.

चिमटा जागच्या जागी थांबला. सरांना उशीच्या भोकातून तिचे पांढरे बूट तेवढे दिसत होते. ते दोन पावलं मागे सरकले.

“सर?” ती म्हणाली. “तुम्ही?”

सरांनी तोंड उशीच्या भोकात आणखी खुपसलं.

“मी सातवी ब मधली. खिडकीकडचं शेवटचं बाक. आवाजावरून ओळखलं. फॉर्मवर किराणा दुकान आहे ना, त्यामुळे आधी लक्षातच आलं नाही.”

सरांचे कान तापले. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना ती पोरगी आठवली. काडीसारखी, पाढे म्हणताना अडखळायची. अडखळली की सर तिच्या बाकापाशी जायचे. छडीवर बंदी आल्यापासून त्यांनी स्वतःची एक शिक्षा काढली होती. कानाजवळची बट चिमटीत धरायची आणि पोर चवड्यांवर उभं राहीपर्यंत वर खेचायची. वर्ग हसायचा. वळ उठत नाही, खूण राहत नाही, कुणाच्या बापाची तक्रार नाही, असं सर स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सांगायचे. कधी चिमटीत चार केस आले तर फुंकर मारून उडवून द्यायचे.

आता ही त्याचं उट्टं काढणार. हिची भाची नाहीतर पुतणी नक्की आपल्या शाळेत असणार. उद्या सगळ्या वर्गांना कळेल की सरांनी डोक्याच्या मागचे केस पुढे लावून घेतले. सरांना दुसरं काही सुचतच नव्हतं.

“बाळ,” ते म्हणाले. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला त्यांनी बाळ म्हटलं नव्हतं. “हे कुणाला सांगू नकोस गं. अब्रू जाईल माझी.”

कापडावरच्या रांगा तिनं पहिल्यापासून पुन्हा मोजल्या. या वेळी एकही आकडा चुकला नाही. मग पांढरे बूट पुढे आले आणि तिचा हात सरांच्या कानामागे अगदी हलका टेकला.

“नाही सांगणार, सर. तेव्हाही नव्हतं सांगितलं. आईनं विचारलं होतं, कानाजवळ हा चट्टा कशानं पडला गं? मी म्हटलं, केस आपोआप गळतायत.”