कुसुमचा हात

"आम्हाला कुसुमताईंचाच हात हवा," लग्नपत्रिका करायला आलेली मृणाल म्हणाली.

स्टुडिओतल्या संगणकावर आता चित्रकारांचे हात भाड्याने मिळत. हात निवडला की संगणक त्याच वळणाची अक्षरं काढून देई. कुसुमला जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी मागणी तिलाच. तिची भागीदार इंदुमती समोर जिवंत बसली होती, आणि तिचा हात कुणी मागत नव्हतं. इंदुमतीला मेलेल्या मैत्रिणीचा हेवा वाटे आणि त्याची लाजही वाटत नसे.

दोघींचा जुना रिवाज होता, गिऱ्हाइकाशी जी बोलेल तिची सही. बोलायची नेहमी कुसुम, अक्षरं काढायची इंदुमती, आणि खाली कुसुमचं नावही तीच लिहायची. संगणकाला शिकवताना जुनी कामं सह्या बघून कुसुमच्या नावावर लावली गेली.

"थांब, मीच काढून देते," इंदुमती म्हणाली. तिने बोरू शाईत बुडवला आणि वधूवरांची नावं लिहिली.

मृणालने कागद उजेडात धरला. "सुरेख आहे हो मावशी. पण कुसुमताईंची नक्कल वाटते."

इंदुमतीने कागद परत घेतला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा खाली स्वतःचं नाव लिहिलं.

"सहीचं वळणसुद्धा त्यांचंच घेतलंत," मृणाल म्हणाली.