गोड पाणी

“तुमच्याकडचं पाणी जड आहे का?” गिझर दाखवता दाखवता दुकानदारानं विचारलं.

“छे! वडिलांनी स्वतः खणलेली विहीर आहे,” आमचे हे म्हणाले. “गोड पाणी. हिच्या वरणाला चव त्या पाण्याचीच!”

मी पिशवीतून जळलेल्या गिझरची कॉइल काढून काउंटरवर ठेवली. तिच्यावर पांढऱ्या क्षारांचं जाड कवच चढलं होतं.

“त्या पाण्यात डाळ शिजतच नाही. वरणाला मी रोज शेजारच्या नळाचं पाणी आणते,” मी सांगून टाकलं.

ह्यांचा चेहरा उतरला.

“मग कॉइल काढून साफ करता येईल असाच गिझर घ्या,” दुकानदार म्हणाला. “पण खरवडायला माणूस हवा.”

“आहे की,” मी म्हणाले. “विहीर मामंजींची, खरवडायचा मान त्यांच्या लेकाचा!”