नऊ फुटी पंखांचं विमान

मुलानं आईबाबांसाठी आपल्या घरातली एक खोली रिकामी करून ठेवली. बाबांची अट एकच होती, माझी विमानं आल्याशिवाय मी येणार नाही. तेही त्यानं मान्य केलं. बाबांनी लाकडात घडवलेल्या बत्तीस लढाऊ विमानांसाठी भिंतभर फळ्या ठोकून घेतल्या आणि टेम्पो घेऊन हजर झाला. दुपारपर्यंत एकतीस विमानं खोक्यांत बसली. राहिलं शेवटचं. मागच्या खोलीत बाबा दोन वर्षं, म्हणजे मुलानं 'आता माझ्याकडे चला' म्हणायला सुरुवात केल्यापासून, एक लाकडी बॉम्बर जोडत होते. पंख नऊ फूट, लांबी आठ. मुलानं ते आडवं धरलं, उभं धरलं, तिरपं केलं. दारातून फक्त नाक बाहेर आलं.

"बाबा, याचे पंख सुटे होत नाहीत?"

"नाही रे, पक्के चिकटवलेत. स्क्रू मारले की भोकं दिसतात."

"मग हे बाहेर कसं काढणार होता?"

"मापात चुकलो. वय झालं आता."

"चाळीस वर्षं सुतारकाम केलंत तुम्ही. हे दारसुद्धा तुम्हीच बसवलंय."

"म्हणून तर जास्त लाज वाटते," म्हणत बाबांनी चेहरा जमेल तेवढा पाडला.

मुलगा आईकडे वळला. "तू तरी यांना आधी दाराचं माप घ्यायला लावायचंस."

"घेतलं होतं की. टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरातलं बांधलेलं खोकं सोडायला बसली.