एकोणनव्वद दिवसांनी मोठी

ट्रेमध्ये सहा काड्या होत्या, टोकाला कापूस गुंडाळलेल्या. माणशी दोन. शिवानीने त्या दोनदा मोजल्या आणि मग नर्सबाईंना सांगितलं, "सहा. बरोबर आहेत."

"तू मोजलंस म्हणजे झालंच," तिचा चुलतभाऊ उमाशंकर म्हणाला. "बाई, उरका लवकर. निलंग्याला दुकान बंद ठिवून आलोय."

कॉटवर शिवानीची आई दानम्मा तोंड उघडून बसली होती. रक्ताच्या कर्करोगाने तिचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं. दुसऱ्या कुणाचा बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, चालला तर ठीक, नाहीतर आमच्या हातात फार काही नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

शिवानी नांदेडला एम.एस्सी. झालेली. आदल्या दिवशी तिने आईला कागदावर काढून दाखवलं होतं. पेशींवरच्या दहा खुणा तपासतात. लेकराला निम्म्या आईकडून येतात, निम्म्या बापाकडून. म्हणजे पोटच्या मुलीशी दहापैकी पाच तरी जुळणारच, आणि हल्ली पाचावरही काम होतं.

"मग मी एकटी बास की," ती म्हणाली होती. "उमाला कशाला? तो तुझ्या थोरल्या दिराचा मुलगा. त्याचं तुझ्याशी काय जुळणार?"

"त्यालाबी बोलाव."

"आई, हे शास्त्र आहे."

"बोलाव म्हणते न्हवं."

आजारी माणसाशी वाद नको म्हणून शिवानीने फोन केला होता.

नर्सबाईंनी उमाशंकरच्या गालात काडी फिरवली. "तंबाखू सोडून काय सापडायचं न्हाई बघा," तो म्हणाला.

"मोठ्या बहिणीसमोर तंबाखूचं नाव काढतोस?"

"कशाची मोठी! तीन महिने!"

"एकोणनव्वद दिवस," शिवानी म्हणाली. ती आठ मेची, तो त्याच वर्षीच्या पाच ऑगस्टचा. तेवढ्यावर ती त्याच्याकडून लहानपणापासून 'ताई' म्हणवून घेत आली होती.

नमुने परदेशातल्या एका संस्थेकडे गेले. ती ही तपासणी फुकट करून देत असे. निकाल वेबसाइटवर दिसणार होता.

निकाल सतराव्या दिवशी आला. शिवानी व्हरांड्यातल्या बाकावर होती. शेजारी उमाशंकर आणि त्याची आई महामाया. दानम्माची ही थोरली जाऊ भाकरीचा डबा घेऊन पहाटेच्या बसने आली होती. चार मुलींच्या पाठीवर तिला उमाशंकर. त्याच्यापुढे तिला जग दिसत नसे.

शिवानीने मोबाइलवर पान उघडलं. गोपनीयतेसाठी नावं दिलेली नव्हती. फक्त जन्मतारखा आणि त्यांच्यापुढे आकडे.

०८/०५/१९९९ : दहापैकी पाच.

०५/०८/१९९९ : दहापैकी शून्य.

"पाच!" ती ओरडली. "आठ मे, पाच! जुळलं!"

"आन् माझं?"

"भोपळा."

"च्यायला, दहावीला गणितातबी पस्तीस होते की!"

महामाया हसली नाही. "उमाचं शून्य?"

"हो, मोठी आई. शून्यच यायला पाहिजे."

"नीट बघितलंस?"

"तारखा समोरच आहेत."

महामायाने डब्याचं घट्ट लागलेलं झाकण पुन्हा एकदा दाबलं.

शिवानी धावतच आत गेली. दानम्माने ऐकून घेतलं.

"उमाचं न्हाई जुळलं?"

"त्याचं कसं जुळेल? माझं जुळलंय, आई."

"बाळा, परत एकदा बघ."

"तू उगाच भितेस."

"भेत न्हाई मी," दानम्मा म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर मात्र खूश झाले. "उद्या सकाळपासून तयारीची औषधं सुरू करू. एक लक्षात घ्या, या औषधांनी त्यांचा स्वतःचा मॅरो संपतो. नंतर मागे फिरता येत नाही. तेव्हा दाता पक्का पाहिजे. दोन्ही पूर्ण रिपोर्ट छापून आणा."

हॉस्पिटलसमोरच्या झेरॉक्सवाल्याने दोन पानं काढून दिली, एका दात्याचं एक. शिवानीने पाचवालं पान वर घेतलं आणि सवयीप्रमाणे पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. प्रयोगशाळेचं नाव. दात्याचा क्रमांक. जन्मतारीख, ०८/०५/१९९९. त्याखाली, मोबाइलवर दिसली नव्हती अशी एक ओळ.

नमुना घेतल्याची तारीख : १०/१३/२०२५.

तिने ओळीवर बोट ठेवलं. नमुने सोमवारी घेतले होते, तेरा ऑक्टोबरला. आकडे बरोबर होते. पण तेरा हा आकडा मधे होता, महिन्याच्या जागी. आणि वर्षाला तेरावा महिना नसतो.

साइट अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहीत होती. सगळीकडे.

"ताई, आणखी एक कॉपी काढू का?" झेरॉक्सवाल्याने विचारलं.

शिवानीने काउंटरवरचं पेन उचललं आणि पानाच्या कडेला आपली जन्मतारीख साइटच्या पद्धतीने लिहिली. आधी महिना, मग दिवस. ०५/०८/१९९९. मग तिने खालचं पान वर घेतलं आणि तारखा आकड्याला आकडा लावून ताडून पाहिल्या. आठही आकडे जुळले.

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : रुग्णाशी जुळणी, दहापैकी शून्य.